शिंपल्यांच्या सोयऱ्यांची नोंद ठेवणारा कर्नल

मालेगाव (जि. वाशीम) : चैत्र लागला, बाजारात कैऱ्यांचे ढीग दिसू लागले, की या भागातील जुन्या वळणाच्या घरांत फडताळाच्या कोपऱ्यातून शिंपला बाहेर निघतो. दगडावर घासून त्याच्या फुगीर पाठीला भोक पाडलेले असते. भोकाची धार कैरीवरून फिरवली की साल सरसर निघून येते. तान्ह्या बाळाच्या ओठांना दुधाची धार लावण्यासाठीही शिंपीच वापरली जात असे. चमचे घरोघरी आले आणि तिचे हे काम संपले. हा शिंपला कोकणातून आलेला नव्हे. तो येथल्याच नदीनाल्यातला, तलावातल्या गाळातला.

मालेगाव म्हटले की बहुतेकांना नाशिक जिल्ह्यातील यंत्रमागांचे शहर आठवते. हे मालेगाव वेगळे. वाशीमहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे हे तालुक्याचे गाव १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर वाशीम जिल्ह्यात आले. हा जिल्हा म्हणजे दोन समुद्रांच्या मधला उंबरठा आहे. उत्तरेकडे उतरणारे पाणी काटेपूर्णेतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि शेवटी अरबी समुद्राला मिळते. दक्षिणेकडचे पाणी पैनगंगेच्या वाटेने वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी असा लांबचा प्रवास करून बंगालच्या उपसागरात जाते. म्हणजे येथील ओढे नदीच्या अगदी माथ्यावरचे. नेमका येथेच एक प्रश्न उभा राहतो. शिंपल्याला पाय म्हणून मांसल जिभेसारखा एक अवयव असतो. त्याच्या साहाय्याने तो गाळात रुतून बसतो, फार तर हातभर सरकतो. पाणी सतत खाली वाहते, मोठे पूर सारे काही खाली लोटतात. मग इतक्या वरच्या ओढ्यात शिंपला पोहोचला कसा?

त्याला माशाने आणले, हे या प्रश्नाचे उत्तर. आणि त्या माशांची पहिली शास्त्रीय ओळख दख्खनच्या नद्यांपुरती ज्याने करून दिली, तो होता ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील एक अधिकारी, कर्नल विल्यम हेन्री साइक्स.

साइक्स यांचा जन्म २५ जानेवारी १७९० रोजी इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यात झाला. वयाच्या चौदाव्या वर्षाच्या आतच त्यांचे नाव कंपनीच्या लष्करी उमेदवारांत नोंदले गेले आणि १८०४ मध्ये ते मुंबई इलाख्याच्या फौजेत दाखल झाले. १८०५ मध्ये लॉर्ड लेक यांनी भरतपूरला वेढा घातला तेव्हा हा पोरसवदा अधिकारी तेथे होता. भरतपूरचा किल्ला त्या वेळी पडला नाही. पुढची काही वर्षे साइक्स यांनी भाषा शिकण्यात घालवली. १८१०च्या सुमारास हिंदुस्थानी आणि मराठी या दोन्ही भाषांत दुभाष्याचे काम करण्याइतकी त्यांची तयारी झाली होती. हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात. आमच्या मते त्यांच्या पुढील साऱ्या कामाची किल्ली येथेच आहे.

मराठी वाचकाला खटकेल असे एक पान या चरित्रात आहे, ते झाकण्याचे कारण नाही. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकी आणि पाठोपाठ पुण्यात जी लढाई होऊन पेशवाईचा शेवट जवळ आला, त्या लढाईत साइक्स कंपनीच्या बाजूने लढले. नंतर डोंगरी किल्ले घेण्याच्या मोहिमांतही ते होते. ज्या मुळा-मुठेच्या काठावर त्यांनी तलवार चालवली, त्याच नदीतील माशांची मापे ते काही वर्षांनी घेत बसणार होते. १८१९ मध्ये ते कॅप्टन झाले आणि १८२० पासून चार वर्षे त्यांनी युरोपात प्रवास केला.

ऑक्टोबर १८२४ मध्ये ते परतले. मुंबईचे गव्हर्नर माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी त्यांना सांख्यिकी वृत्तांत तयार करणारा अधिकारी म्हणून नेमले. नवा मुलूख हाती आला होता, त्यात माणसे किती, गावे किती, जमिनीचा धारा काय, पीक काय, हे सरकारला जाणून घ्यायचे होते. पुणे, अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), खानदेश आणि धारवाड ही चार कलेक्टोरेट त्यांच्या वाट्याला आली. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या अमलाखाली असल्याने वाशीम-मालेगावचा मुलूख या पाहणीत नव्हता.

काम शिरगणतीचे आणि महसुलाचे होते. पण साइक्स यांनी तंबूत मोजमापाची सारी सामग्री बाळगली. वायुभारमापकाचे आकडे ते दिवसातून अनेक वेळा टिपत. दख्खनच्या पठारावर हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा, हे त्यांनी या नोंदींवरून दाखवले आणि १८३५ मध्ये रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तो प्रबंध छापून आला. खडकांवर लिहिले, जमिनीच्या वहिवाटींवर लिहिले, वेरूळच्या लेण्यांवर तर आधीच लिहून झाले होते. दख्खनचे पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या त्यांच्या याद्या १८३१-३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र सभेपुढे आल्या. भाताच्या खाचरात मान आखडून बसणारी ढोकरी आपण सारेच पाहतो. तिचे शास्त्रीय वर्णन प्रथम साइक्स यांनी केले. एका चंडोलाला आणि एका रातव्याला आजही त्यांचेच नाव आहे. गंमत म्हणजे आफ्रिकेतील एक वानरही त्यांच्या नावाने ओळखले जाते. रानकुत्र्याबद्दल लिहिताना मराठी मुलखात त्याला कोळसुंदा म्हणतात, हे नमूद करायला ते विसरले नाहीत.

डिसेंबर १८२९ मध्ये त्यांचे पद सरकारने रद्द केले. काटकसर हे कारण सरकारी दप्तरात कोणत्याही काळी तयारच असते. पलटणीवर परत जाण्याचा मार्ग मोकळा होता. साइक्स यांनी लष्करी सेवेतून रजा घेतली आणि अर्धे राहिलेले काम पुढे चालू ठेवले. जानेवारी १८३१ मध्ये ते पुरे झाले, त्यानंतरच ते मायदेशी निघाले.

या साऱ्या उद्योगात माशांचे काम सर्वांत उशिरा प्रसिद्ध झाले. दख्खनच्या माशांवरील त्यांच्या प्रबंधाचा सारांश १८३९ मध्ये आणि संपूर्ण मजकूर चित्रांसह १८४१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र सभेने छापला. त्यात चाळीसहून अधिक जातींचे वर्णन होते आणि त्यांतील बहुसंख्य जाती शास्त्राला नव्या होत्या. भीमा, मुळा-मुठा, इंद्रायणी अशा नद्यांतून हे मासे आले होते.

आता या माशांची शास्त्रीय नावे पाहावीत. एकाच्या नावात ‘कोलस’ आहे, दुसऱ्याच्या ‘मुल्या’, तिसऱ्याच्या ‘पोटेल’, चौथ्याच्या ‘फुलुंगी’, पाचव्याच्या ‘नुक्ता’. काटेरी मिशाळ माशाला त्यांनी ‘सींगटी’ म्हटले. तो म्हणजे बाजारात आजही मिळणारी शिंगटी. दख्खनच्या महाशीरचे जातिनाम ‘खुद्री’. एका संपूर्ण प्रजातीलाच त्यांनी ‘रोहटी’ हे नाव दिले. लॅटिनच्या चौकटीत बसवलेले हे शब्द कोळी-भोई मंडळींच्या तोंडचे मराठी शब्द आहेत. त्या काळी नव्या प्राण्याला युरोपातील एखाद्या विद्वानाचे किंवा सरदाराचे नाव देण्याची रीत होती. साइक्स यांनीही काही माशांपुरती ती पाळली. पण बहुतेक ठिकाणी त्यांनी काठावरच्या माणसाला माशाचे नाव विचारले आणि ते जसे ऐकू आले तसे रोमन अक्षरांत उतरवले. दुभाष्याची परीक्षा दिलेला माणूसच हे करू शकत होता. शास्त्रीय नाव एकदा छापले गेले की नियमाने ते टिकते. त्यामुळे आज जगातील कोणत्याही संग्रहालयात शिंगटीची बरणी शिंगटी याच नावाने ओळखली जाते.

या कामात उणिवाही होत्या. वर्णने काही ठिकाणी त्रोटक आहेत, आणि चित्रे सर्वत्र निर्णायक ठरत नाहीत. ‘मुसुल्ला’ नावाने त्यांनी वर्णिलेला मासा नेमका कोणता, यावर पुढे दीर्घकाळ घोळ चालला आणि त्याची महाशीरशी गल्लत होत राहिली. फ्रान्सिस डे यांनी १८७५ ते १८७८ या काळात भारतातील माशांवरचा आपला मोठा ग्रंथ काढला, तेव्हा त्यांना साइक्स यांच्या जाती पुन्हा तपासाव्या लागल्या. १९४२ मध्ये फ्रेझर यांनी पुण्याच्या माशांची यादी केली आणि सुंदरलाल होरा यांनी तिच्यावर काम केले, तेव्हाही आधार साइक्स यांचाच होता.

साइक्स मासे मोजत होते त्याच काळात युरोपात शिंपल्यांवरून एक वाद रंगला होता. त्याचा दख्खनशी काही संबंध असेल असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

मूळ गोष्ट जुनी होती. डेल्फ्टचे सूक्ष्मदर्शकवाले लेव्हेनहूक यांनी १६९५ मध्ये गोड्या पाण्यातील शिंपला उघडून त्याच्या कल्ल्यांत दडलेले असंख्य सूक्ष्म जीव पाहिले. अंड्याच्या आवरणात ते गरगर फिरत होते. ही शिंपल्याचीच पिल्ले, हे त्यांनी बरोबर ओळखले. शंभर वर्षांनी, १७९७ मध्ये, येन्स राथके या निसर्गशास्त्रज्ञाने उलटे मत मांडले. त्याला हे जीव आईसारखे मुळीच दिसले नाहीत. म्हणून ते शिंपल्याच्या कल्ल्यांवर जगणारे परजीवी आहेत, असे त्याने ठरवले आणि त्यांना ‘ग्लोकिडियम’ असे स्वतंत्र नाव दिले. १८३२ मध्ये, म्हणजे साइक्स नुकतेच भारतातून परतले होते तेव्हा, कारुस या जर्मन शास्त्रज्ञाने ती शिंपल्याचीच संतती असल्याचे पुन्हा सिद्ध केले. तरीही आईच्या कल्ल्यांतून बाहेर पडल्यावर ही पिल्ले जातात कोठे, हे कोडे राहिलेच. ते १८६६ मध्ये सुटले. लायडिग यांना माशांच्या परांवर चिकटलेले बारीक दाणे दिसले आणि ते म्हणजे हरवलेली शिंपल्याची पिल्ले निघाली. राथके यांनी त्यांना परजीवी म्हटले होते. ती खरोखरच परजीवी निघाली. फक्त शिंपल्यावरची नव्हे, माशावरची.

हा सारा प्रकार कसा घडतो ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. नर शिंपला आपले बीज पाण्यात सोडतो. मादी श्वासासाठी पाणी आत घेते, त्यासोबत ते आत जाते. फलित अंडी तिच्या कल्ल्यांच्या घड्यांत राहतात. कल्ला हाच गर्भाशय होतो. तयार झालेली पिल्ले मिलिमीटरच्या अंशाएवढी असतात. त्यांना दोन इवल्याशा शिंपा असतात, काही जातींत त्यांच्या टोकाला आकडा असतो. हजारोंनी, मोठ्या जातींत लाखोंनी, ही पिल्ले पाण्यात सोडली जातात. त्यांना पोहता येत नाही. मासा जवळून गेला, श्वास घेताना पाणी ओढले, की काही पिल्ले त्याच्या कल्ल्यांवर किंवा परांवर आदळतात आणि चिमटा मिटावा तशी मिटतात. माशाच्या त्वचेच्या पेशी त्यांच्याभोवती वाढून एक लहानशी पुटकुळी तयार होते. तिच्यात काही दिवस ते काही आठवडे राहून पिल्लाचा कायापालट होतो, आतले अवयव बनतात. मग पुटकुळी फुटते आणि शिंपल्याचे बाळ तळाला पडते. मधल्या काळात मासा कोठवर गेला असेल, तेथे त्याचे घर. वरच्या ओढ्यातील शिंपल्याचे कोडे असे सुटते. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणारा मासा त्याला पाठीवर नव्हे, पण कल्ल्यात घेऊन येतो.

मासा कोणताही चालत नाही. काही शिंपल्यांना अनेक जातींचे मासे चालतात, काहींना मोजक्याच. चुकीच्या माशावर चिकटलेल्या पिल्लांना माशाचे शरीर झटकून टाकते. ज्याने ती एक-दोनदा वागवली, असा योग्य मासाही पुढे त्यांना दाद देईनासा होतो. थोडी पिल्ले असतील तर माशाला फारसा त्रास होत नाही. जी मासा गाठू शकत नाहीत, ती मरतात. आणि जवळजवळ सारीच मरतात. उत्तर अमेरिकेतील काही शिंपल्यांची मादी तर आपल्या अंगाची किनार छोट्या माशासारखी हलवते, मोठा मासा भक्ष्य समजून तोंड घालतो आणि पिल्लांचा फवारा खाऊन जातो. युरोपातील मोती देणारा शिंपला सामन आणि ट्राउट या माशांवाचून वाढत नाही. त्याचे आयुष्य शंभर वर्षांहून अधिक असू शकते.

अमेरिकेत या शोधाचा व्यापाराशीही संबंध आला. शिंपल्यांपासून गुंड्या बनवण्याचा मोठा धंदा मिसिसिपीच्या काठी वाढला होता आणि नदी रिकामी होत चालली होती. तेव्हा विसाव्या शतकाच्या आरंभी आयोवातील फेअरपोर्ट येथे सरकारी केंद्र उभारून माशांना मुद्दाम ही पिल्ले चिकटवून नदीत सोडण्याचे प्रयोग झाले. आपल्याकडे १९१८ मध्ये बेनी प्रसाद यांनी भारतीय शिंपल्यांच्या पिल्लांचे वर्णन प्रसिद्ध केले. भारतात गोड्या पाण्यात मोत्यांची शेती होते, ती मुख्यतः तळ्यातल्या साध्या लॅमेलिडेन्स शिंपल्यावर. भुवनेश्वरजवळच्या कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने तिचे तंत्र १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून विकसित केले.

वऱ्हाडच्या दृष्टीने या कथेतील बोचरा भाग पुढेच आहे. शिंपला दीर्घायुषी असतो. माशांची वाट बंद झाली तरी तळातील म्हातारे शिंपले वर्षानुवर्षे जिवंत राहतात, पाणी गाळत राहतात, आणि पाहणाऱ्याला वाटते, सारे ठीक आहे. पण मुठीतल्या शिंपल्यांत बोटाच्या पेराएवढा एकही नसेल, तर ती वस्ती संपलेली असते. फक्त तिचा शेवट अजून व्हायचा असतो. नाल्यावर बंधारा झाला की वर चढणारा मासा भिंतीशी थांबतो. दुष्काळी जिल्ह्याला बंधारे नकोत असे कोणी म्हणणार नाही, प्रस्तुत प्रतिनिधी तर नाहीच. पण बंधाऱ्याच्या आराखड्यात माशाच्या वाटेचा रकाना नसतो, हेही तितकेच खरे. बारीक आसाची जाळी, आटत जाणारे डोह, रसायने आणि तिलापियासारखे परके मासे यांनी गावठी माशांची जागा व्यापली, की शिंपल्याचे सोयरेच उरत नाहीत. साइक्स यांच्या मुळा-मुठेत हे घडून गेले आहे. तेथील अनेक देशी जाती पुढच्या पाहण्यांत दिसेनाशा झाल्या आणि बाहेरून आलेल्या जाती वाढल्या. ‘नुक्ता’, म्हणजे नाकावर गाठ असलेला तो चमत्कारिक मासा, आता संकटग्रस्त गणला जातो. महाशीर वाचवण्यासाठी टाटा वीज कंपनीला लोणावळ्याजवळ त्याची पैदास करावी लागली.

साइक्स यांचे उरलेले आयुष्य नदीपासून दूर, सभागृहांत गेले. १८३३ मध्ये ते कर्नल म्हणून निवृत्त झाले. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले, लंडनच्या सांख्यिकी सभेच्या संस्थापकांत त्यांची गणना झाली आणि १८६३ मध्ये ते तिचे अध्यक्षही झाले. १८४० मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर आणि १८५६ मध्ये तिच्या अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. पुढच्याच वर्षी उठाव झाला आणि वर्षभरात कंपनीचा कारभारच संपला. १८५७ पासून अखेरपर्यंत ते ॲबर्डीन शहराचे संसद सदस्य होते. चीनमधील ताइपिंग बंडखोरांची बाजू घेऊन त्यांनी लंडनच्या वृत्तपत्रांत पत्रे लिहिली. ही त्यांच्या सरकारला मुळीच न रुचणारी भूमिका होती.

१६ जून १८७२ रोजी वयाच्या ८२व्या वर्षी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. लायडिग यांना माशाच्या परावर शिंपल्याची पिल्ले सापडून तेव्हा सहा वर्षे झाली होती. त्यांच्या नोंदींत भीमा आणि इंद्रायणीचे मासे नावानिशी, लांबी-रुंदीसह आणि परांतील काट्यांच्या संख्येसह उतरलेले आहेत. परांवर चिकटलेला तो इवला दाणा पाहण्यासाठी भिंग लागते, आणि कोठे पाहायचे हे आधी ठाऊक असावे लागते.